नेम चंद्रावरच होता

‘गच्चीवर कॅमेरा नेण्यास सक्त मनाई आहे’ ही नोटीस आमच्या सोसायटीच्या फळ्यावर अजून आहे. ती माझ्यामुळे लागली, आणि मला एका शब्दाने न विचारता लागली.

23 ऑगस्ट 2023. संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-3 चा विक्रम लँडर चंद्रावर उतरला आणि डोंबिवलीत फटाके वाजले. श्रावणातली सप्तमी होती. पावसाने दडी मारलेली, ढगही विरळ. अंधार पडताच 150-600 ची लेन्स आणि ट्रायपॉड घेऊन मी गच्ची गाठली.

उपनगरातून कसले आलेत चंद्राचे फोटो, असं लोक म्हणतात. पण शहराचा झगमगाट ताऱ्यांना गिळतो, चंद्राला नाही. तो स्वतः भर उन्हात असतो. त्रास असतो तो तापलेल्या स्लॅबवरून उठणाऱ्या हवेचा. तिच्यामुळे बिंब थरथरतं. पौर्णिमेच्या मागे तर लागूच नये. तेव्हा ऊन समोरून पडतं, सावल्या नाहीशा होतात आणि फोटो सपाट येतो. सप्तमी-अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांचे काठ उठून दिसतात. 600 मिलिमीटरलासुद्धा सेन्सरवर पूर्ण बिंब साधारण साडेपाच मिलिमीटरचंच पडतं, म्हणून फोकस हाताने, स्क्रीनवर मोठं करून लावायचा. आयएसओ 200, एफ/8, 1/100 सेकंद. बटण बोटाने न दाबता टायमर लावायचा. विक्रम उतरला ती जागा दक्षिण टोकाकडे, जवळजवळ 69 अंशांवर. लँडर दिसणार नाही हे ठाऊक होतं. तरी त्या कडेवर फोकस लागला तेव्हा छाती भरून आली.

तेवढ्यात मागून आवाज आला, “काय चाललंय?” सेक्रेटरी, चेअरमन आणि वॉचमन. समोरच्या इमारतीतल्या एका वहिनींनी फोन केला होता, की कुणीतरी मोठी लेन्स लावून आमच्या घरात बघतंय.

मी म्हटलं, “काका, चंद्र काढतोय. तुम्हीच बघा.” चंद्र नैऋत्येला, समोरच्या चार मजली इमारतीच्या कितीतरी वर होता. लेन्सचं तोंड कुठे वळलंय हे कळायला फोटोग्राफी यावी लागत नाही, मागे उभं राहिलं की पुरे. मी बाजूला सरकलो. कोणी पुढे आलं नाही. “अहो, इथे लेडीज राहतात,” सेक्रेटरी म्हणाले. मी कार्डावरचे सगळे फोटो दाखवतो म्हटलं. “ते नंतर बघू.” ते ‘नंतर’ आलंच नाही. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली, आणि लिफ्टमध्ये भेटणारी माणसं मोबाइलमध्ये बघू लागली. देशभर ज्या चंद्रासाठी पेढे वाटले गेले, त्याच्याकडे बघितलं म्हणून माझ्यावर हा शिक्का. तीन माणसं, एक स्क्रीन आणि अर्धा मिनिट, एवढ्यात मिटणारी गोष्ट होती. सगळ्यात जास्त मला तेच बोचतं.

वहिनींवर माझा राग नाही. दोन इमारतींमध्ये दहा फुटांची गल्ली, उकाड्यात खिडक्या उघड्या, समोर हातभर लांब काळी नळी. माझी मुलगी त्या खिडकीत असती तर फोन मीच केला असता. त्यांनी विचारलं ते बरोबरच केलं. पण मग असंही वाटतं, उत्तर ऐकायला त्यांनी तरी यायला हवं होतं. म्हणजे राग आहेच थोडा.

ज्यांना हा छंद लागलाय त्यांनी आधी समितीला लेखी कळवावं आणि शेजाऱ्यांना वर बोलवावं. नवी लेन्स नंतर घ्यावी. मी हल्ली मैदानावर जातो. तिथे गर्दी आणि धूळ असते, पण लहान मुलं रांग लावून बघतात आणि ‘चांद्रयान कुठे?’ विचारतात. पुढच्या सर्वसाधारण सभेत मी गच्चीसाठी अर्ज देणार आहे. फोटो जोडू नकोस, पुन्हा वाद होईल, असं बायको म्हणते. मी जोडणार आहे, सप्तमीचाच.