काचेवरचं दहिवर

थंडी म्हटलं की कॉलेजच्या अंकात काय येतं? शेकोटी, गुलाबी गारवा, वाफाळता चहा आणि 'ती'! मला यातलं काहीच जमण्यासारखं नाही. एक तर मी मेकॅनिकलची, त्यात कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं की दहा रुपये दंड होता. त्यामुळे माझं सगळं मराठी घरी आजीकडून आलेलं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाच्या हवाली आहे. तेव्हा थंडीवर लिहायचं तर मी लिहिणार हेल्मेटच्या काचेवर. हसू नका. डिसेंबरात सकाळी पावणेसातला आपल्या पार्किंगपाशी उभं राहून बघा. हेल्मेट डोक्यावर आहे, पट्टा लावलेला आहे, पण काच? ती कपाळावर! नाक लाल, डोळ्यांतून पाणी. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "काय करू यार, खाली केली की काही दिसतच नाही."

हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलेय, कारण मी निफाडची. महाराष्ट्रात थंडीची लाट आली की आमच्या गावाचं नाव पेपरात झळकतं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. लोकांना ऐकायला मजा वाटते, पण द्राक्षवाल्यांची झोप उडते. मणी तडकू नयेत म्हणून ते पहाटे बागेत शेकोट्या करून धूर करतात, ठिबक सोडतात. आणि त्याच पहाटे साडेपाचला माझे पप्पा मोटारसायकलला किक मारून सातपूर एमआयडीसीत फर्स्ट शिफ्टला निघतात. नाशिकपर्यंतचा रस्ता, बराचसा अंधारातला, मधे चांदोरीजवळ गोदावरी. नदीकाठी गारठा आणखी वाढतो.

पप्पांना मी एकदा विचारलं होतं, "पप्पा, तुम्ही काच वर का ठेवता?" ते म्हणाले, "अगं, खाली केली की आंधळी कोशिंबीर, वर केली की डोळ्यांतून पाणी. त्यापेक्षा पाणी परवडलं." आईला मात्र ते अजिबात परवडत नव्हतं. डोळ्यात किडा गेला, खडी उडाली तर? तिची सक्त ताकीद होती की काच खालीच ठेवायची. घरात शांतता हवी म्हणून पप्पांनी ते ऐकलं.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, चांदोरीच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला एक उसाची ट्रॉली बंद पडून उभी होती. मागे ना दिवा, ना रेडियम. पप्पांची काच खाली होती आणि आतून पांढरी झाली होती. ते हातमोज्याने बाहेरून पुसत होते. आता धुकं आतून असेल तर बाहेरून पुसून काय होणार? ट्रॉली दिसली तेव्हा ब्रेक मारण्याशिवाय काही उरलं नव्हतं. गाडी घसरली, मडगार्ड फुटलं, गुडघा सोलला. एवढ्यावर भागलं. घरी त्यांनी काहीच सांगितलं नाही. आठ दिवसांनी मडगार्ड नवं दिसलं म्हणून आईने खोदून विचारलं, तेव्हा कळलं. त्या रात्री आमच्याकडे कुणी नीट जेवलं नाही.

गणित करून बघा. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. दोन सेकंद दिसलं नाही तर २८ मीटर तुम्ही डोळे मिटून गेलात. क्रिकेटची खेळपट्टी स्टंपपासून स्टंपपर्यंत २० मीटरच्या आसपास असते. म्हणजे अख्खी खेळपट्टी आणि वर आणखी थोडं!

मग हे धुकं येतं कुठून? बाहेरून नाही येत, ते आपलंच असतं. आपला उच्छ्वास साधारण ३४ अंशांचा आणि बाष्पाने काठोकाठ भरलेला. त्या तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतं. तीच हवा आठ अंशांच्या काचेला भिडली की तिच्यात जेमतेम आठ ग्रॅम मावतं. उरलेलं जाणार कुठे? बसतं काचेवर. शाळेत हे आम्ही 'ड्यू पॉइंट' म्हणून पाठ केलं होतं. सुट्टीत हेच मी आजीला मोठ्या थाटात समजावून सांगायला बसले. तिने शेंगा फोडता फोडता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे काचेवर दहिवर पडतं म्हण की." झालं! माझ्या दहा मिनिटांच्या लेक्चरची आजीने एका शब्दात वाट लावली.

पण खरी गंमत पुढे आहे. काचेवर पाणी असणं ही अडचण नाहीच. अडचण आहे ती पाण्याच्या बारीक बारीक थेंबांची. प्रत्येक थेंब म्हणजे एक चिमुकलं भिंग. समोरच्या ट्रकचा एक हेडलाइट अशा हजारो भिंगांत फुटतो आणि सगळी काच पांढरी होते. तेवढंच पाणी सपाट पसरलं तर त्यातून आरपार दिसतं. टी. ई. मेकॅनिकलवाल्यांनो, हीट ट्रान्स्फरच्या लॅबमधलं ते प्रॅक्टिकल आठवा, ड्रॉपवाइज आणि फिल्मवाइज कंडेन्सेशनचं. एका नळीवर थेंब, दुसरीवर पातळ पडदा. जर्नलमध्ये आपण सगळे इमाने इतबारे लिहितो की थेंबवाली पद्धत चांगली, कारण तिच्यात उष्णता कित्येक पट जास्त वेगाने जाते. कंडेन्सरसाठी ते बरोबरच आहे. पण गाडीवर बसलेल्या माणसाला नेमकं उलटं हवं असतं. त्याला थेंब नकोत, पडदा हवा. ते प्रॅक्टिकल करताना मला पहिल्यांदा वाटलं की या जर्नलचा पप्पांना काही उपयोग होऊ शकतो.

थेंब गोल राहतो तो पृष्ठताणामुळे. साबण हा ताण कमी करतो आणि पाणी काचेवर पसरतं. एवढं कळल्यावर आमच्या रूमवर प्रयोगशाळा सुरू झाली. एक जुनी काच, इलेक्ट्रिक किटलीची वाफ (वॉर्डन मॅडम, ही किटली एका दिवसापुरती आणली होती, शपथ!) आणि काचेवर स्केचपेनने आखलेले पाच चौकोन. पहिला कोरा. दुसऱ्याला भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब, तिसऱ्याला शेव्हिंग क्रीम (देणगी : एका मैत्रिणीचा भाऊ), चौथ्याला मेसमधल्या बटाट्याची फोड आणि पाचव्याला टूथपेस्ट. कोरा चौकोन लगेच पांढरा झाला. लिक्विड आणि शेव्हिंग क्रीम दोन्ही स्वच्छ राहिले, कारण दोन्हीत शेवटी साबणच. बटाट्याने बरं काम केलं, पण वाळल्यावर पिठूळ डाग उरला. टूथपेस्टने धुकं थोडं थांबवलं, पण तिच्यात दात घासायची पूड असते आणि हेल्मेटची काच ही काच नसून पॉलीकार्बोनेट असतं. ते मऊ, त्यामुळे ओरखडे पडतात आणि रात्री समोरून गाडी आली की प्रत्येक ओरखडा चमकतो. म्हणजे रोग बरा, औषध भारी! एकीने गाडीचं पॉलिश सुचवलं होतं. ते पाणी झटकतं, म्हणून पावसात काचेला बाहेरून लावलं तर ठीक. आतून लावलं तर थेंब आणखी गोल होऊन बसतील.

ही किटलीवरची करमणूक वाटेल, पण याच धुक्याने अंतराळवीरांनाही आंधळं केलेलं आहे. ५ जून १९६६ रोजी जेमिनी ९ए मोहिमेत यूजीन सर्नन यानाबाहेर पडला. दोन तासांहून जास्त वेळ तो बाहेर होता. काम अतोनात कष्टाचं, सूटमधली हवा त्याचा घाम आणि उच्छ्वास पेलू शकली नाही आणि हेल्मेटची काच आतून धुकटली. हात आत घालता येत नाही. शेवटी त्याने नाकाने घासून काचेवर एक छोटं भोक पाडलं आणि त्यातून बघितलं. पाठीवर बांधून उडायच्या यंत्राची चाचणी रद्द करावी लागली. पुढच्या मोहिमांत काचेला आतून धुकं न धरणारं द्रावण लावायला सुरुवात झाली. एप्रिल २००१ मध्ये कॅनडाचा ख्रिस हॅडफिल्ड अंतराळात काम करत असताना असंच द्रावण त्याच्या डोळ्यात गेलं. तिथे अश्रू खाली ओघळत नाहीत. ते एका डोळ्यावर साचत गेले, दुसऱ्या डोळ्यात गेले आणि काही वेळ त्याला काहीच दिसेना. तात्पर्य : साबण लावा, पण घासून कोरडा करा.

आता आमच्या स्कार्फविषयी. मुलींनो, आपण स्कार्फ नाकावरून असा करकचून बांधतो की श्वासाला खाली जायला वाटच नसते. तो वर येतो आणि सरळ काचेवर. २०२० मध्ये मास्क लावल्यावर चष्मेवाल्यांची जी गत झाली होती, तीच ही. पप्पांच्या बाबतीत हे काम मफलर करत होता. सुट्टीत मी त्यांना हेल्मेट, मफलर, सगळा पोशाख चढवून अंगणात बसवलं आणि नुसतं बघितलं. दर श्वासाला काच खालून वर पांढरी होत होती! मफलर नाकाखाली, हनुवटीपाशी आणला आणि निम्मं काम साबणाशिवाय झालं.

तर मंडळी, थोडक्यात कृती अशी. काच काढून साध्या पाण्याने धुवा, मऊ सुती कापडाने पुसा. पेट्रोल, थिनर, अमोनियावाला स्प्रे लावू नका, पॉलीकार्बोनेट त्याने खराब होतं. भांड्याच्या लिक्विडचा एकच थेंब आतून बोटाने पसरवा, थोडा वाळू द्या आणि आरपार स्वच्छ दिसेपर्यंत कोरड्या कापडाने घासा. दोन-तीन दिवसांनी परत. काचेवर कंपनीचा 'अँटी-फॉग' थर असेल तर हा उद्योग करू नका, तो थर निघून जाईल. हनुवटीपाशी झडप असेल तर ती उघडी ठेवा. सिग्नलला थांबलात की काच एक खटका वर करा, गाडी सुटली की खाली. बाहेरची कोरडी हवा आत खेळली पाहिजे. पैसे असतील तर पिनलॉक नावाची आतली दुसरी काच मिळते. दोन काचांमध्ये हवा अडकून राहते, त्यामुळे आतली काच गार पडत नाही. मात्र त्यासाठी हेल्मेटच्या काचेला तशा पिना हव्यात, नाहीतर बसत नाही.

पप्पांच्या दाढीच्या सामानात आता लिक्विडची एक छोटी बाटली असते. रविवारी आणि बुधवारी रात्री बातम्या बघता बघता ते काच घासतात. पहिल्या आठवड्यात मी होस्टेलवरून फोन करून विचारलं, "कसं वाटतंय?" वाटलं होतं, इंजिनिअर मुलीचं जरा कौतुक होईल. ते म्हणाले, "दिसतं." एवढंच. मग आईने फोन घेतला आणि म्हणाली, "आज त्यांनी काच खाली ठेवली होती, मी गेटपर्यंत बघितलं." ती हे पुन्हा पुन्हा सांगत होती.

दर जानेवारीत रस्ता सुरक्षेची पोस्टर्स लागतात. हेल्मेट घाला, काच खाली ठेवा. बरोबरच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ पण तेच सांगतं की हेल्मेट हवंच. पण काच वर करणारा माणूस बेफिकीरच असतो असं नाही. त्याला समोरचं बघायचं असतं, म्हणून तो काच वर करतो. त्याला नुसतं "खाली कर" म्हणून भागत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना चांगलं माहीत आहे. आपण इंजिनिअर होणार ना? मग "का रे बाबा वर करतोस?" एवढा प्रश्न आधी विचारायला काय हरकत आहे? उत्तर कधी कधी एका थेंबात असतं.

सध्या गर्ल्स होस्टेलच्या जिन्याखालच्या खिडकीत आम्ही लिक्विडची बाटली आणि एक जुनी बनियन ठेवली आहे. बॉइज होस्टेलने आपली सोय आपण करावी. बाटली सगळ्यांसाठी आहे, फक्त कृपा करून तिने चहाचे कप धुऊ नका. तीन दिवसांत अर्धी संपली आहे आणि कप मात्र सगळे लखलखीत दिसताहेत!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)