एक पडदा, दोघे वाटेकरी

वाकोल्याच्या आमच्या एका खोलीत टीव्ही आणि कॉम्प्युटर, दोन्हींना जागा नव्हती. म्हणून २०११ साली २२ इंची मॉनिटर घेतला, टीव्हीचंही काम करणारा. पडदा १९२० बाय १०८० पिक्सेलचा. एचडी सेट-टॉप बॉक्सची एचडीएमआय वायर जोडली की झालं.

२ एप्रिलला वानखेडेवरची वर्ल्ड कप फायनल त्यावरच पाहिली. बाबा एकदम म्हणाले, "अरे, चेंडू दिसतोय!" जुन्या टीव्हीवर तो दिसायचा नाही. बिचारे स्वतःच्या डोळ्यांना दोष देत गप्प बसायचे.

पण मी कामाला बसलो की मॅच अर्धी सोडून ते खाली जायचे. "तुझं चालू दे."

आता मला लॅपटॉप आहे, मॉनिटर पूर्णपणे बाबांचा. तरी मी खोलीत शिरलो की रिमोट पुढे करून विचारतात, "काम आहे का रे तुझं?"