कारंज्यात ‘जी’ किती?

महाराष्ट्रातल्या कुठल्याही कॉलेजातलं फिजिक्सच्या प्रॅक्टिकलचं जर्नल उघडा. साध्या लंबकाच्या प्रयोगाखाली एकच उत्तर दिसेल : ९.८, फार तर ९.८१. गाव कोकणातलं असो की वऱ्हाडातलं, उत्तर बदलत नाही. गुरुत्वीय त्वरण, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या तोंडचा ‘जी’, मोजायचा असतो. प्रत्यक्षात तो जुळवला जातो. सीनिअरच्या जर्नलमधून रीडिंग उतरतात, रफ वहीत खाडाखोड होते, फेअर जर्नलमध्ये सुबक तक्ता येतो आणि त्यावर सही मिळते. कारंजा लाडमध्ये फिजिक्स शिकवताना माझ्या मनाला सर्वांत जास्त लागणारी गोष्ट हीच.

कारण ९.८१ हा कारंज्याचा ‘जी’ नाहीच. १९०१ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने ९.८०६६५ हे प्रमाण मूल्य ठरवलं, ते साधारण ४५ अक्षांशावरचं, समुद्रसपाटीचं. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगीर आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे ‘जी’ विषुववृत्तावर ९.७८ तर ध्रुवावर ९.८३ असतो. कारंजा साडेवीस अक्षांशाजवळ आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर. हे आकडे सूत्रात घातले की उत्तर येतं ९.७९ च्या जरासं खाली. म्हणजे जो विद्यार्थी रीडिंग ‘दुरुस्त’ करून ९.८१ आणतो, तो आपल्या गावाचं खरं उत्तर पुसून दुसऱ्या कुठल्या तरी गावाचं लिहीत असतो.

हा फरक माणसाने लंबकानेच शोधला. १६७२ मध्ये जाँ रिशे पॅरिसहून विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा त्याचं लंबकाचं घड्याळ तिथे रोज सुमारे अडीच मिनिटं मागे पडू लागलं. त्याने घड्याळाला दोष देऊन विषय संपवला नाही. ते किती मागे पडतं याची काटेकोर नोंद ठेवली. पुढे न्यूटनने पृथ्वीच्या आकाराच्या मांडणीत ती नोंद वापरली. आपल्याकडेही ही परंपरा आहे. त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारे विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या विदर्भातल्याच हिंगणघाटला, काम चालू असताना वारले. त्याच सर्वेक्षणासाठी १८६५ पासून कॅप्टन बॅसेव्ही यांनी दक्षिणेपासून हिमालयापर्यंत ठिकठिकाणी लंबक झुलवून ‘जी’ मोजला, आणि १८७१ मध्ये लडाखच्या उंचीवर हेच काम करताना त्यांचा मृत्यू झाला. ज्या आकड्यासाठी माणसांनी एवढं सोसलं, तो आपण शेजारच्या जर्नलमधून उतरवतो.

यात दोष एकट्या मुलांचा नाही. एक मीटर लांबीच्या लंबकाला २० आंदोलनांसाठी सुमारे ४० सेकंद लागतात. ‘जी’ ९.८१ ऐवजी ९.७९ असला, तर या ४० सेकंदांत फरक पडतो जेमतेम ०.०४ सेकंदाचा. स्टॉपवॉचचं बटण दाबताना बोटाची चूकच एक-दोन दशांश सेकंदाची असते. तेव्हा जुन्या साधनांनी गावाचा ‘जी’ पकडणं अवघडच होतं. आज ते शक्य आहे, कारण प्रत्येक मुलाच्या खिशात सेन्सरांनी भरलेला मोबाइल आहे.

आमच्या लॅबमध्ये आता हा प्रयोग असा होतो. पितळी गोळ्याच्या तळाला छोटं चुंबक चिकटवायचं. खाली लोखंडी टेबल नको, लाकडी स्टूल. त्यावर मोबाइल, गोळ्यापासून काही सेंटिमीटर अंतर ठेवून. जर्मनीतल्या आखन विद्यापीठाने २०१६ मध्ये दिलेलं ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप मोबाइलच्या चुंबकीय सेन्सरचं रीडिंग सेकंदाला अनेकदा टिपत राहतं. गोळा वरून गेला की पडद्यावर एक शिखर उमटतं. एका आंदोलनात दोन शिखरं. शंभर आंदोलनं सहज मोजता येतात आणि बोटाचा प्रश्नच उरत नाही.

खरं शिकणं इथून पुढे सुरू होतं. चुंबक लावल्यामुळे गोळ्याचा गुरुत्वमध्य हलला, मग लांबी कुठपर्यंत धरायची? मुलं अडतात. तेव्हा वेगवेगळ्या लांबी घेऊन आवर्तनकालाच्या वर्गाचा लांबीशी आलेख काढायला सांगते. लांबीतली ठरावीक चूक रेषेला वरखाली सरकवते, पण तिचा उतार बदलत नाही, आणि ‘जी’ तर उतारातून मिळतो. आलेख हा जर्नलची शोभा नसून चूक वेगळी काढण्याचं साधन आहे, हे त्या दिवशी उमगतं. मग कोणी तरी लंबक दहा अंशांपर्यंत खेचून सोडतं आणि उत्तर साधारण ०.०४ ने घसरतं, म्हणजे ९.८१ आणि ९.७९ मधल्या फरकाच्या दुप्पट. ‘विस्तार लहान ठेवा’ ही पुस्तकातली ओळ मग पाठ करावी लागत नाही.

सगळीच डिजिटल साधनं हे देत नाहीत. केंद्र सरकारच्या ‘व्हर्च्युअल लॅब्स’ उपयोगी आहेत, प्रयोगाची मांडणी आधी समजून घ्यायला मी त्या वापरते. पण पडद्यावरच्या लंबकात ‘जी’ कोणी तरी आधीच घातलेला असतो. आपण तोच परत काढतो. दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्राने तयार केलेलं ‘एक्सपाइज’सारखं स्वस्त उपकरण मात्र खरे व्होल्ट मोजतं. आकडेमोड शिकायला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये लिबरऑफिस कॅल्कचे धडे मराठीतून आहेत. इंग्रजीला बिचकणाऱ्या मुलांना ते मी आवर्जून देते.

स्प्रेडशीटवरही डोळे झाकून विसंबता येत नाही. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी मानवी जनुकांची नावं स्प्रेडशीट तारखा समजून बदलून टाकत असे. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने ती नावंच बदलली. म्हणून आमच्याकडे नियम एकच : मोबाइलमधून निघालेली मूळ फाइल कधी हात न लावता जपायची आणि हिशोब तिच्या प्रतीवर करायचा. फाइलच्या नावात तारीख, गट, लंबकाची लांबी. बिघडलेलं रीडिंग खोडायचं नाही, शेजारी कारण लिहायचं. आता कृत्रिम बुद्धिमत्तेला सांगितलं की ती क्षणात हवा तसा तक्ता बनवून देते. अशा काळात सुबक तक्त्याला किंमत उरलेली नाही. किंमत आहे ती मूळ नोंदीला.

एका गटाचं उत्तर ९.७७ आलं, अनिश्चितता ०.०३. त्यांना मी पूर्ण गुण दिले, कारण कारंज्याचं मूल्य त्या मर्यादेत बसतं आणि प्रत्येक आकड्यामागची फाइल त्यांच्याकडे होती. प्रॅक्टिकल परीक्षेत असे गुण सगळीकडे मिळायला हवेत : उत्तराच्या जुळण्याला नव्हे, अनिश्चितता किती आणि का, हे सांगता येण्याला. वाशिम, अकोला, अमरावती, यवतमाळ इथल्या प्रत्येक कॉलेजने आपल्या गावाचा ‘जी’ मोजावा, मूळ फाइलींसकट सगळ्यांसाठी खुला ठेवावा आणि पुढच्या बॅचने तो तपासून अधिक अचूक करावा. यासाठी नवं अनुदान लागत नाही. एक दोरा, एक गोळा, एक चुंबक आणि आलं ते रीडिंग तसंच लिहिण्याची हिंमत, एवढं पुरे.