आज कुणाचं बिल?

लातूरच्या आमच्या घरात ठरलेला पगार कुणाचाच नाही. यांचं गंजगोलाईजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि मी रात्री मराठी ध्वनिफिती ऐकून टाइप करते. नांदेडकडची असल्यानं ‘जायलो, करायलो’ मला अडत नाही. म्हणून आपल्या भागातल्या बोलीचं काम माझ्याकडे जास्त येतं. पैसे मिनिटामागे, तेही काम तपासून मंजूर झाल्यावर. कधी आठवड्यात येतात, कधी महिना जातो.

आधी ते घरखर्चाच्या खात्यात पडायचे आणि दूध-भाजीत मुरून जायचे. मग हेडफोन लावून जागायचं कशासाठी?

माहेरी सोयाबीन आडतीला गेलं की पट्टी हातात पडायच्या आधीच मायनं तिची वाटणी केलेली असायची: खताची उधारी, फी, दिवाळीचा किराणा. मीही वेगळं खातं काढलं आणि काम घेतानाच त्याला बिलाचं नाव द्यायला लागले. इंटरनेटचं सगळ्यात आधी, कारण ते तुटलं की कमाईच बंद.

खरी गंमत आणली विजेनं. महावितरणचा घरगुती दर 100 युनिटांपर्यंत एक, आणि त्यापुढच्या युनिटांना बराच जास्त. मे महिन्यात कूलरशिवाय झोप नाही, आणि नळ आला की मोटार लावून टाकी भरायलाच हवी. (2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेलं शहर हे, इथं नळ सुटल्यावर कुणी झोपून राहत नाही.) शंभरापुढचं एक युनिट म्हणजे किती मिनिटांचं टायपिंग, हे मी वहीत मांडून ठेवलं. ते वाचून यांनी घरभर एलईडी बल्ब लावले. वर्षभर तोंडानं सांगून झालं नव्हतं.

आत्याबाईंना खातंबितं कळत नाही, पण रात्री विचारतात, “आज कुणाचं बिल कमवायलीस गं?” गॅसचं म्हटलं की चहा मिळतो. इंटरनेटचं म्हटलं तर नाही.

बजेट आखलं की हुरूप टिकतो म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. काम न आलेल्या महिन्यात ते खातं बघितलं की खचायलाच होतं. म्हणून या महिन्याची बिलं मी मागच्या महिन्याच्या पैशातून भरते. तेवढं एक महिना पुढे सरकायला एक दिवाळी साडीविना गेली. एका ठिकाणी 10 टक्के टीडीएस कापतात. तो मी हिशेबात धरतच नाही. विवरणपत्र भरून परतावा आला की त्यातून घरपट्टी.

नांदेडला सिडकोत राहणारी अक्काही हेच काम करते. तिची बिलं दाजींच्या पगारातून जातात, कमाई थेट भिशीत. आणि काम माझ्या दुप्पट उरकते.