इंजिन बांधताना पिस्टनची उंची मोजून घ्या

आज पिकाचं नाही, ट्रॅक्टरचं लिहितोय.

माझा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर दोन वर्षांपासून सकाळी लवकर चालू होत नव्हता. झाला तरी गरम होईपर्यंत पांढरा धूर. गावातल्या मिस्त्रीनं हाफ इंजिन केल्यावरही तेच, म्हणून दोष त्याच्याच माथी मारला. पारावर चार लोकांत बोललो, मजुरीतले दोन हजारही अडकवून ठेवले.

यंदा ज्वारीच्या पेरणीआधी तालुक्याला दुसऱ्या फिटरकडं इंजिन खोललं. नवे लायनर-पिस्टन बसवले. हेड ठेवायच्या आधी तो म्हणाला, "तात्या, थांबा. पिस्टन किती वर येतात ते बघू."

त्यानं ब्लॉकचा माथा घासून साफ केला. लायनर उचलू नयेत म्हणून बोल्ट-वायसरनं दाबून धरले. ब्लॉकवर डायल गेज शून्य केला आणि क्रँक मागं-पुढं हलवत पिस्टन सगळ्यात वर कुठं येतो ते पकडलं. पिस्टन पिनीवर डुलतो, म्हणून पिनीच्या रेषेतच दोन्ही बाजूंना माप घ्यायचं. पहिला पिस्टन ब्लॉकच्या 0.32 मिलिमीटर खाली, दुसरा 0.35, आणि तिसरा 0.85!

अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं. त्यानं हिशेब मांडला. स्ट्रोक 110 मिलिमीटर आणि कॉम्प्रेशन 17 ला 1 असेल, तर अर्ध्या मिलिमीटरनं ते 16 च्या आसपास उतरतं. डिझेल दाबानं तापलेल्या हवेवरच पेटतं. दाब कमी झाला की थंड इंजिनात ते नीट जळत नाही, धूर होतो. उलट पिस्टन जास्त वर आला तर हेडला नाहीतर व्हॉल्व्हला ठोकतो.

मग पिस्टन अदलाबदल करून पाहिले, तरी तिसराच खाली. तिसरा रॉड पहिल्यात घालून पाहिला, तर आता पहिला खाली. म्हणजे ब्लॉक-क्रँक ठीक, रॉड वाकलेला.

"इंजिनात कधी पाणी गेलं होतं का?" त्यानं विचारलं.

मी गप्पच झालो. हाफ इंजिन करायच्या आधी, चार लोक नको म्हणत असताना, भरल्या ओढ्यात ट्रॅक्टर मीच घातला होता. पाणी दाबलं जात नाही, मग रॉड वाकतो. आणि मिस्त्रीला मी नुसतं "धूर मारतोय" एवढंच सांगितलं होतं.

रॉड बदलला, माप 0.34 आलं. दोन दिवस गेले, पण पेरणी वापशावर झाली.

संध्याकाळी मिस्त्रीच्या घरी जाऊन दोन हजार दिले. तो म्हणाला, "तात्या, मोजायला मीही पाहिजे होतं." चहा झाला. पारावर मात्र मलाच बोलावं लागणार आहे.

इंजिन बांधताना समोर उभं राहून प्रत्येक पिस्टन मोजून घ्या, आकडे वहीत लिहा. किती चालतं ते त्या इंजिनाच्या पुस्तकात बघा. काही इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या वर येतो, तिथं गॅस्केटची जाडीही त्यावरच ठरते. आणि इंजिनाचं काय झालं होतं, ते मिस्त्रीपासून लपवू नका.