एक काडी टावर

फोन उचलल्यावर आईचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "थांब बाबू, टावरात जाऊ दे." मग मी चंद्रपुरातल्या माझ्या खोलीत नुसता कान लावून बसायचो. तिच्या चपला. ओसरीच्या दाराची कडी. पायात आलेल्या कोंबडीचा कलकलाट. मध्येच आवाज तुटायचा, पुन्हा जुळायचा, आणि एकाएकी मोकळा व्हायचा. वारा लागायचा. "हं, आता बोल."

रेंज, नेटवर्क, कव्हरेज हे शब्द आमच्या गावात कळतात सगळ्यांना, पण तोंडात असतो तो टावर. टावर येतो, जातो, पळतो. फोनच्या कोपऱ्यातल्या रेघा म्हणजे काड्या. "किती काडी आहे?" हा प्रश्न आमच्याकडे ज्वर किती आहे असं विचारावं तसा विचारतात. एक काडी असली की निरोप देता येतो, दोन असल्या की विचारपूस करता येते, तीन काड्या मी आमच्या अंगणात अजून पाहिल्या नाहीत.

आमचं गाव आलापल्लीहून भामरागडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. घर मातीचं, भिंती हातभर जाड. वडील शाळामास्तर होते, आई आरमोरीकडची. छपरावर पूर्वी कवेलू होते. दर वर्षी पावसाआधी ते काढून, फुटके वेगळे करून पुन्हा बसवायचे, आणि दर वर्षी माकडं चार-सहा उड्यांत ती मेहनत मातीत घालायची. माकडांपायी कवेलू सोडून टिनं टाकलेली घरं चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत गावोगाव सापडतील. वडील गेल्यावर भावानेही टिनं टाकली. पाणी गळायचं थांबलं, आईची टोपली-पातेली मांडत फिरायची रात्र संपली, आणि त्याच आठवड्यात घरातला फोन मुका झाला.

आम्हाला वाटलं फोनच बिघडला. भावाने तो आलापल्लीला नेऊन दाखवला, तर तिथे तो ठणठणीत. कारण नंतर उमगलं. भाजलेल्या मातीच्या कवेलूतून टावरच्या लहरी थोड्या क्षीण होऊन का होईना, आत उतरत होत्या. टिनाचा पत्रा मात्र त्यांना आरशासारखा परतवून लावतो. भिंती आधीच जाड, त्यात पावसाळ्यात ओल धरलेल्या, आणि पाणी अशा लहरी पिऊन टाकतं. म्हणजे इतकी वर्षं आमच्या घरात टावर छपरातून येत होता, आणि तो रस्ता आम्ही आमच्याच हातांनी बंद केला होता.

जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कोलकात्यात भिंतींच्या पलीकडे ठेवलेली घंटा बिनतारी वाजवून दाखवली होती. भिंत आडवी असूनही काही पोचतं, याचं त्या दिवशी लोकांना केवढं नवल वाटलं असेल. ते नवल माझं अजून सरलेलं नाही. एक काडी उरते तेव्हा फोनपर्यंत पोचणारी शक्ती किती असते? एका वॉटचे शंभर लाख कोटी भाग केले तर त्यातला एखादा भाग. एवढ्याशा थेंबातून फोन माणसाचा आवाज उभा करतो. त्या आवाजातला खोकला ओळखू येतो, घसा बसलाय की रडू आवरलंय तेही ओळखू येतं. उलट दिशेने टावरला ऐकू जावं म्हणून फोनला मात्र सगळा जोर लावावा लागतो. आमच्याकडच्या फोनची बॅटरी दुपारीच संपते ती त्यामुळे.

आई टावर हाताने मोजायची. अंगणातल्या पपईपासून दोन पावलं, तोंड बोडीकडे, म्हणजे तळ्याकडे, फोन डाव्या कानाला. तिथून वीतभर सरकलं तरी आवाज फाटायचा. लोक याला सवय म्हणतात, पण त्यामागे शुद्ध हिशेब आहे. नऊशे मेगाहर्ट्झची लहर साधारण तेहतीस सेंटिमीटर लांब असते. थेट आलेली लहर आणि टिनावरून, भिंतीवरून, झाडावरून आपटून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. काही जागी त्या एकमेकींना उचलून धरतात, तर काही जागी मारून टाकतात, आणि अशा एका वाईट जागेपासून पुढच्या वाईट जागेपर्यंतचं अंतर साधारण अर्ध्या लहरीएवढं, म्हणजे जवळजवळ वीतच भरतं. तेवीसशे मेगाहर्ट्झवर ते चार बोटांवर येतं. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या आईने ही वीत मापली ती उन्हात उभी राहून, महिनोन्महिने. पपईच्या खोडावर तिने चुन्याची खूण करून ठेवली आहे, नातवंडांना सापडावं म्हणून.

गावात अशा जागा सगळ्यांना पाठ आहेत. शाळेच्या पायरीचा उजवा कोपरा. बोडीची पाळ. वरच्या टोल्यावरचा, म्हणजे वरच्या पाड्यावरचा मोह, ज्याच्या खालच्या फांदीला कापडी पिशव्या लटकलेल्या असतात आणि पिशव्यांत फोन. घरी ठेवून उपयोग नसतो, म्हणून फोन झाडाला ठेवायचे. एखादा वाजला की जवळचं पोर धावत जाऊन त्या घरी हाक देतं. 2020 मध्ये शाळा फोनवर आली तेव्हा त्या मोहाखाली पोरं वह्या मांडीवर घेऊन बसत. मोहफुलं गळायचा हंगाम असला की वेचणाऱ्या बायाही तिथेच असतात. पहाटे वेचायला आलेल्या बाईच्या डोक्यावरच्या फांदीत कुणाच्या तरी मुलाचा पुण्याहून आलेला फोन वाजत असतो.

हे ऐकायला फार सुंदर वाटतं. माझ्या शहरातल्या मित्रांना वाटतंच. "काय शांतता असेल रे तिकडे," म्हणतात. ताडोबाच्या सफारीत मोबाईल नेता येत नाही. तो नियम मला मनापासून पटतो, वाघासमोर माणसाने हात मोकळे ठेवावेत. पण चार तास फोन बाजूला ठेवून संध्याकाळी रिसॉर्टच्या वायफायमध्ये परत येणाऱ्याची शांतता वेगळी, आणि घरात फोन लागत नाही म्हणून रात्री दोन वाजता तापाने फणफणलेलं लेकरू भावाच्या खांद्यावर देऊन टोल्यावर चढणाऱ्या बाईची वेगळी. ताडोबाच्या बाजूच्या गावांत वाघ कुणीकडे दिसला ही बातमीही आता फोनवरच येते. ती जिला घरात मिळायला हवी, तिने ती घ्यायला अंधारात बाहेर पडायचं?

आणि आडोशाचं काय? आमच्या शेजारी नवीन सून आली. माहेर कोरचीकडे, दोनशे किलोमीटरच्या आसपास. पहिल्या पावसाळ्यात ती आईशी बोलायची ती आमच्या अंगणात, त्या पपईजवळ, कारण त्यांच्या आवारात टावर नव्हता. आमची आई ती आली की मुद्दाम मागच्या सांदवाडीत निघून जायची. तरी सासू ओसरीवर, दीर बैलाजवळ, रस्त्याने जाणारं येणारं माणूस. "सगळं बरं आहे," एवढंच त्या पोरीने चार महिने आईला सांगितलं. बरं नव्हतं, हे आमच्या आईला तिच्या पाठीवरून कळत होतं. दार लावून बोलता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे दार असलेल्यांना सांगून पटत नाही. माझा काका वारल्याची बातमीही अशीच बोडीच्या पाळेवर आली, रोवणीला निघालेल्या बायांच्या समोर. आईला रडायला घरापर्यंत यावं लागलं.

टावरला आमच्याकडे ऋतू आहे. फाल्गुनात साग पानं टाकतो, जंगल उघडं पडतं, तेव्हा अंगणात दोन काड्या सहज येतात. मृगात सागाला सुपाएवढी पानं फुटतात. ती भिजली की टावर आणि आमच्यामध्ये मैलोगणती ओल्या पानांचा पडदा पडतो. आलापल्लीचा तो साग बघायला लोक लांबून येतात. ग्लोरी ऑफ आलापल्ली म्हणून जे जुनं वन राखलंय, ते 2014 मध्ये जैवविविधता वारसा स्थळ झालं. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी 2023 साली बल्लारपूरहून सागवान गेलं तेही याच दोन जिल्ह्यांच्या जंगलांचं. त्या झाडांचा मला अभिमान आहे. एक काडी वाढावी म्हणून एकही झाड पडू नये, असंच मला वाटतं. गडचिरोलीचा तीन चतुर्थांश भाग जंगल आहे. फोनने त्या जंगलाशी जुळवून घ्यावं, जंगलाने फोनशी नव्हे.

पावसाची अडचण पानांवर थांबत नाही. झाड पडून तार तुटते, वीज जाते, टावर काही तास बॅटरीवर तगतो आणि मग तोही मरतो. त्याच दिवसांत पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी वाहायला लागतं आणि भामरागड तुटतं. बहुतेक दर पावसाळ्यात हे होतं. रस्ता आणि टावर एकदम जातात, म्हणजे ज्या दिवशी फोनची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी तो नसतो. श्रावणात दोन-दोन दिवस आईचा फोन लागत नाही. तेव्हा मी ऑफिसात कामं करतो, जेवतो, सगळं करतो, पण पोटात एक गाठ असते.

सिरोंच्याकडे वेगळीच तऱ्हा. प्राणहितेच्या, गोदावरीच्या काठावर फोन पलीकडचा टावर धरतो आणि मराठी माणसाला तेलुगूत संदेश येतात. चंद्रपूरच्या जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर तर महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन राज्यांचा दावा. तिथे फोनही कधी या राज्यात, कधी त्या राज्यात.

आमच्या भागात टावरवर भीतीची सावलीही खूप वर्षं होती. माओवाद्यांनी टावर जाळले, उडवले. नवे टावर मग पोलीस मदत केंद्रांच्या कुंपणात उभे राहिले, आणि फोन लावायला माणूस त्या कुंपणापाशी गेला की कुणीतरी बघून ठेवायचं. खबऱ्या असल्याच्या नुसत्या संशयावरून या जिल्ह्यात माणसं मारली गेली आहेत. त्या काळात आई मला सांगायची, "तू करू नको फोन, मीच करीन." ती कुठून करायची हे मी तेव्हा विचारलं नाही. ते विचारायला हवं होतं.

जुलै 2022 मध्ये केंद्र सरकारने देशातल्या 24,680 गावांत फोर-जी पोचवण्यासाठी 26,316 कोटी रुपये मंजूर केले. चांगलं काम आहे, आणि दऱ्याखोऱ्यांत खांब उभे करणाऱ्या माणसांचे कष्ट मी डोळ्यांनी पाहिले आहेत. माझं म्हणणं एवढंच की मोजणी गावाची होते. गावाच्या नावापुढे हो लिहिलं की गाव झालं. पण गाव म्हणजे शाळेची पायरी नव्हे. राशनला अंगठा लागतो, बँकेला ओटीपी लागतो, तो दोन-चार मिनिटांत टाकावा लागतो, आणि हे सगळं ज्याने आखलं त्याने फोन माणसाच्या हाताशी, घरात, खाटेवर आहे असं धरलेलं आहे. टोल्यावरून घरी येईपर्यंत ओटीपी शिळा होतो. ज्याचे गुडघे धड आहेत तो पुन्हा चढेल. आमच्या शेजारची अंथरुणाला खिळलेली म्हातारी कशी चढणार?

गडचिरोलीने या प्रश्नाचं उत्तर एकदा शोधलेलं आहे, फोन नव्हता तेव्हा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने 39 गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. आई बाळाला घेऊन दवाखान्यात पोचू शकत नाही, तर उपचाराने तिच्या खोलीत, तिच्या बाजेपाशी यावं. त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू बासष्ट टक्क्यांनी घटले, आणि 1999 साली हे लॅन्सेटमध्ये छापून आलं. मी तो आकडा वाचतो तेव्हा मला उंबरठा दिसतो. सगळा फरक त्या बाया उंबरठा ओलांडून आत गेल्या यात होता. रुग्णवाहिकेसाठी 108 वर लावलेला फोनही त्याच उंबरठ्याच्या आत लागला पाहिजे.

भाऊ मध्यंतरी टावर खेचणारं एक यंत्र ऑनलाइन मागवणार होता. मीच नको म्हणालो. परवान्याशिवाय तसलं यंत्र लावणं गुन्हा आहे, आणि ते नुसतं आपल्यापुरतं खेचत नाही, टावरकडे गोंगाटही पाठवतं. आमच्या घरात दोन काड्या आल्या असत्या आणि पलीकडच्या टोल्यावरची एक गेली असती.

मग गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं छपरावर चढलो. टावर ज्या दिशेला आहे त्या उतारावरची टिनाची एक पट्टी काढली आणि तिथे फायबरची पारदर्शक पट्टी बसवली, स्वयंपाकघरात उजेडासाठी लोक लावतात तशी. प्लास्टिक लहरींना अडवत नाही, एवढ्या एका गोष्टीवर भरवसा. भाऊ वर बसून स्क्रू आवळत होता, मी खाली फोन धरून जमिनीवर वीत-वीत सरकत होतो. चुलीकडून मोजत आलं तर सातव्या वितीला एक काडी आली, आठवीला दुसरी. आईने तिथे खडूने गोल केला, आणि आम्ही तिची खाट उचलून बरोब्बर त्यावर ठेवली.

आता ती पडल्या पडल्या बोलते. शेजारची सूनही येते, आणि आई तिला आत घेऊन दार लोटून बाहेर येऊन बसते. मला मात्र फोनवर आता कोंबडी ऐकू येत नाही, वारा ऐकू येत नाही, बोडीकडच्या टिटव्या ऐकू येत नाहीत. पंख्याची घरघर येते. पाऊस असला तर टिनावरचा एवढा मोठा येतो की दोघांनीही थांबावं लागतं. पौर्णिमेच्या आसपास त्या पट्टीतून चांदणं सरळ तिच्या तोंडावर पडतं. झोप लागत नाही म्हणते. खाट थोडी सरकव म्हटलं, तर सरकवू देत नाही.