आयकॉनमागचा दुभाष्या

१/ पडद्यावरील चित्रावर दोनदा क्लिक केले की खेळ सुरू होतो; यात इतिहास तो काय, असे कुणीही विचारील. पण कोणती फाइल, कुणाकरवी आणि कुठून उघडायची, हे सारे त्या आयकॉनमागे कुणीतरी आधी लिहून ठेवलेले असते. आजचा धागा त्याविषयी.

२/ खेळ केवळ शब्दांचा. १९७०च्या दशकाच्या मध्यास विल क्राउदर यांनी गुहेच्या शोधाचा ‘ॲडव्हेंचर’ रचला. १९७७मध्ये डॉन वुड्स यांनी तो वाढवला. चित्र नाही, ध्वनी नाही. पडद्यावर वर्णन येते आणि आपण ‘उत्तरेकडे जा’, ‘दिवा घे’ अशा आज्ञा इंग्रजीत टंकायच्या. त्याच वर्षी अमेरिकेतील एमआयटीमध्ये काही तरुणांनी ‘झॉर्क’ लिहावयास घेतला.

३/ झॉर्कचे यंत्र अवाढव्य होते. घरगुती संगणक लहान, आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. १९७९मध्ये स्थापन झालेल्या इन्फोकॉम कंपनीने तोड काढली: कथा एका फाइलीत ठेवायची आणि ती वाचून चालवणारा छोटा प्रोग्रॅम प्रत्येक यंत्रासाठी वेगळा लिहायचा. हा प्रोग्रॅम म्हणजे कथेचा दुभाष्या. इन्फोकॉम १९८९मध्ये बंद पडली. १९९५मध्ये श्टेफान योकिश यांनी ‘फ्रॉट्झ’ हा नवा दुभाष्या लिहिला आणि त्याच जुन्या फाइली पुन्हा चालू लागल्या.

४/ जळकोटच्या आमच्या घरी विंडोज ९५चा एक जुना संगणक आहे. धाकट्या भावंडांसाठी त्यावर मी हे खेळ मांडले. डेस्कटॉपवर शॉर्टकट करायचा. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये आज्ञेच्या ओळीत आधी फ्रॉट्झचा मार्ग आणि एक जागा सोडून कथेच्या फाइलीचा मार्ग लिहायचा. कार्यरत फोल्डर म्हणून खेळाचेच फोल्डर द्यायचे, म्हणजे अर्धवट राहिलेला डाव तिथेच जतन होतो. शेवटी आवडीचे चित्र निवडायचे.

५/ ओळीतून फ्रॉट्झचे नाव वगळले तर फाइल शाबूत राहते, पण संगणक विचारतो: ही कशाने उघडू? हा प्रश्न मला घरातील ट्रंकेपुढे रोज पडतो. आमचा मुलूख १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. ट्रंकेतील जमिनीचे कागद काही उर्दूत, काही मोडीत आहेत. आजोबांचे शिक्षण उर्दूतून झाले होते. ते हे कागद सहज वाचत. ते गेले आणि कागद मुके झाले. मला मोडी अडखळत येते. उर्दू मुळीच येत नाही.

६/ जुन्या कागदांचे स्कॅन करून आपण निर्धास्त होतो. स्कॅनने फाइल वाचते, दुभाष्या वाचत नाही. म्हणून आता प्रत्येक कागदाच्या लिफाफ्यावर मी तीन गोष्टी लिहिते: लिपी कोणती, विषय काय असावा आणि गावात तो कोण वाचू शकेल. तिसऱ्या रकान्यात आज दोनच नावे आहेत, आणि दोघांनीही ऐंशी ओलांडली आहे. यंदाच्या सुटीत त्यांच्यापाशी बसून उर्दू शिकायला सुरुवात केली आहे. तुमच्या घरी अशी ट्रंक असेल, तर तो तिसरा रकाना आजच भरा.